डब्यावरचा त्रिकोण कुठून आला? विष मोजण्याच्या विद्येची गोष्ट



काही वर्षांपूर्वी कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत एका गावी आमची बैठक होती. मी हातात कीटकनाशकाचा रिकामा डबा घेऊन त्यावरचा लाल त्रिकोण दाखवत होतो. लाल म्हणजे अति विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, असं माझं नेहमीचं सांगणं चाललं होतं. तेवढ्यात मागे बसलेले एक म्हातारे काका म्हणाले, "साहेब, ते समदं खरं. पण हे लाल-पिवळं ठरवलं कोणी? औषध कोणी चाखून बघितलं का?"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाताना वाटलं, काकांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रंग कसा ठरला हे ज्याला कळलं, तो त्या रंगाला मान देतो. ज्याला कळलं नाही, त्याच्या दृष्टीने तो डब्यावरचा एक ठिपका. म्हणून आज ही गोष्ट सांगतो. त्या दिवशी काकांना नीट उत्तर देता आलं नव्हतं, ते या पत्रकातून देतो.

मात्रा ठरवते विष

युरोपात सोळाव्या शतकात पॅरासेल्सस नावाचा एक वैद्य होऊन गेला. १५३८ साली त्याने एक विचार लिहून ठेवला, त्याचा भावार्थ असा: प्रत्येक वस्तूत विष आहे, कोणती वस्तू विष ठरेल हे तिची मात्रा ठरवते. आपल्याला हे नवीन नाही. जेवणात चिमूटभर मीठ लागतं, पण तेच मीठ वाफ्यात साचलं की पीक करपतं. युरियाचंही तसंच. दोन टक्के फवारला तर पान हिरवंगार, दहा टक्के फवारला तर पान जळून जातं.

पण विचार सांगणं वेगळं आणि मोजून दाखवणं वेगळं. मोजमाप सुरू व्हायला पुढे तीनशे वर्षं जावी लागली. पॅरिसमध्ये ऑर्फिला नावाच्या डॉक्टरने १८१४-१५ च्या सुमारास विषांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याने कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिलं की, पोटात गेलेलं विष तिथेच राहत नाही, रक्तावाटे यकृतात आणि इतर अवयवांत पोचतं. त्या काळी युरोपात सोमलाने, म्हणजे आर्सेनिकने, माणसं मारण्याचे प्रकार फार होत. १८३६ साली इंग्लंडमध्ये जेम्स मार्श याने शरीरातला अगदी थोडा सोमलसुद्धा ओळखण्याची युक्ती काढली. विष आहे की नाही, हे आता कळू लागलं. ते किती जहाल आहे, हे मात्र अजून नीट कळत नव्हतं.

एवढ्यात विष शेतात येऊन पोचलं. अमेरिकेत बटाट्यावर भुंगेऱ्यांचा मोठा उपद्रव झाला, तेव्हा १८६७ च्या सुमारास तिथले शेतकरी 'पॅरिस ग्रीन' नावाचा सोमलयुक्त हिरवा रंग पिकावर धुरळू लागले. कीड मरू लागली. पुढे फळबागांवर शिसं आणि सोमल यांचं मिश्रण आलं. ज्या विषाने घरात एखाददुसरा माणूस मरायचा, ते आता एकरावर पसरू लागलं. मग मोजमाप हवंच होतं.

पन्नास टक्के फुलोऱ्यासारखा हिशेब

सुरुवातीची पद्धत अशी होती: प्राण्यांना कमी-जास्त मात्रा द्यायच्या आणि ज्या सर्वांत कमी मात्रेने प्राणी मेला, ती 'किमान मारक मात्रा' म्हणायची. ऐकायला बरोबर वाटतं. पण त्यात मोठी खोट होती. दहा बेडकांपैकी एखादा मुळातच अशक्त असतो, तो थोडक्या मात्रेने मरतो. एखादा चिवट असतो, तो दुप्पट मात्रेलाही दाद देत नाही. त्यामुळे एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीशी जुळेना. आज केलेला प्रयोग उद्याच्याशी जुळेना.

यावर तोडगा काढला जे. डब्ल्यू. ट्रेव्हन या इंग्रज शास्त्रज्ञाने, १९२७ साली. तो औषधांची ताकद तपासण्याचं काम करी. त्याने खूप प्राण्यांवर वेगवेगळ्या मात्रा देऊन पाहिल्या आणि प्रत्येक मात्रेला शंभरातले किती मेले, याचा आलेख काढला. त्याला दिसलं की, पहिला कोणता मरेल आणि शेवटचा कोणता, याचा भरवसा नाही. पण ज्या मात्रेला निम्मे मरतात आणि निम्मे जगतात, तो आकडा पुन्हा पुन्हा जवळपास तोच येतो.

बंधूंनो, ही गोष्ट तुम्हाला माझ्याइतकीच ठाऊक आहे. ज्वारीच्या वाणाची माहिती वाचताना आपण 'पन्नास टक्के फुलोऱ्याचे दिवस' पाहतो. शेतातलं पहिलं कणीस कधी फुललं, हे कोणी विचारत नाही. ते बांधाकडेचं एखादं आगाप ताट असू शकतं. शेवटचं कणीसही विचारत नाही. ते खडकाळ जागेतलं असेल. निम्मं शेत फुलोऱ्यात आलं, तो दिवस खरा. ट्रेव्हनने विषाला हाच हिशेब लावला. त्याला म्हणतात एल. डी. ५०, मराठीत अर्धमारक मात्रा. दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम दिलं असता निम्मे प्राणी मरतात, तो हा आकडा. मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग.

इथे एक गोष्ट पक्की करा. आकडा जेवढा लहान, तेवढं विष जहाल. पुष्कळांचा इथेच घोटाळा होतो. आपल्या खाण्याच्या मिठाचा उंदरावरचा आकडा सुमारे तीन हजार येतो. डी.डी.टी.चा एकशे तेरा. फोरेटचा अवघा दोन! हे फोरेट आपल्याकडे वर्षानुवर्षं हाताने मातीत टाकलं गेलं. भारतात ते २०२० अखेर बंद झालं.

न फवारलेली ओळ

आता दुसरी अडचण पाहा. शंभर किडींवर औषध मारलं आणि साठ मेल्या. औषधाने साठ मारल्या असं म्हणावं का? काही किडी औषध न मारताही मेल्या असत्या. अमेरिकेच्या शेती खात्यातल्या ॲबट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १९२५ साली याचा सोपा हिशेब सांगितला. बाजूला तशाच शंभर किडी ठेवायच्या, त्यांना औषध लावायचं नाही. समजा, त्यातल्या वीस आपसूक मेल्या. म्हणजे ऐंशी जगणाऱ्या होत्या. औषध लावलेल्या गटात चाळीसच उरल्या. ऐंशीतल्या चाळीस औषधाने मेल्या, म्हणजे औषधाचा परिणाम निम्मा, साठ टक्के नव्हे.

ॲबटचं हे सूत्र आजही आपल्या कृषी विद्यापीठांत शिकवतात. आम्ही प्रात्यक्षिकात एक पट्टा न फवारता सोडतो, तेव्हा काही जण म्हणतात, "साहेबांनी ही ओळ वाया घालवली." बंधूंनो, ती ओळ नसेल तर बाकीच्या शेतातलं काहीच कळत नाही.

ॲबटनंतर चेस्टर ब्लिस आला. तोही कीटकनाशकांवरच काम करी. १९३३ साली मंदीत त्याची सरकारी नोकरी गेली, तेव्हा तो लंडनला आर. ए. फिशरकडे गेला. शेतीच्या चाचण्यांत वाफे चिठ्ठ्या टाकून वाटावेत, ही पद्धत बसवणारा फिशर तो हाच. ब्लिसने १९३४ साली दाखवलं की, मात्रा आणि मरतूक यांचा वाकडातिकडा आलेख योग्य गणिताने सरळ रेषेत आणता येतो. सरळ रेषा मिळाली की थोड्या प्राण्यांवरून भरवशाचा आकडा काढता येतो. विषाचं गणित आणि शेतीचं गणित असं एकाच घरात वाढलं.

आकडा होता, तरी माणसं मेली

शास्त्र झालं, पण कायदा व्हायला आपल्या देशात मोठी किंमत मोजावी लागली. १९५८ साली केरळात गव्हाचं पीठ आणि साखर खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. वाहतुकीत त्या मालात पॅराथिऑन नावाचं कीटकनाशक सांडलं होतं. पॅराथिऑनची गणना सर्वांत जहाल कीटकनाशकांत होते, आणि ते जगाला तेव्हाही माहीत होतं. पण पिठाच्या पोत्याशेजारी त्याचे डबे ठेवू नयेत, हे सांगणारा कायदा नव्हता, आणि हमालाला समजेल अशी खूण डब्यावर नव्हती.

त्यानंतर चौकशी झाली, तज्ज्ञांच्या समित्या बसल्या, आणि १९६८ साली कीटकनाशक कायदा आला. १९७१ च्या नियमांनी डब्यावर चौकोन आला, टोकावर उभा केलेला. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग, तोच आपला त्रिकोण. काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. चाखलं ते प्रयोगशाळेतल्या उंदराने, आणि रंग ठरला तो ट्रेव्हनच्या आकड्यावरून.

तोंडावाटे पोटात गेल्याचा आकडा असा:
लाल: १ ते ५०. अति विषारी.
पिवळा: ५१ ते ५००. जास्त विषारी.
निळा: ५०१ ते ५०००. मध्यम विषारी.
हिरवा: ५००० च्या वर. कमी विषारी.

त्वचेवाटे शरीरात जाणाऱ्या विषाचा वेगळा आकडा मोजतात, आणि रंग ठरवताना तोही पाहतात. शाळा न शिकलेल्या माणसालाही कळावं म्हणून रंग योजला, यात त्या नियमांचं शहाणपण आहे. हिरव्याचा अर्थ मात्र 'निर्धोक' असा काढू नका. हिरवा म्हणजे इतरांपेक्षा कमी, एवढंच.

उंदराला चालतं ते माशाला चालत नाही

आता खरी मेख सांगतो. डब्यावरचा रंग उंदरावरून ठरला. पण शेतात उंदराशिवाय किती जीव आहेत! ओढ्यातले मासे, फुलावरची मधमाशी, मातीतलं गांडूळ, आणि वर घिरट्या घालणारं गिधाड. प्रत्येकाचा आकडा निराळा.

म्हणून शास्त्रज्ञांनी प्रत्येकासाठी वेगळी कसोटी बसवली. माशांना औषध पाजत नाहीत, पाण्यात मिसळतात, आणि ९६ तासांत निम्मे मासे मरायला दर लिटर पाण्यात किती औषध लागतं ते पाहतात. डॅफ्निया नावाचा टाचणीच्या डोक्याएवढा पाण्यातला जीव असतो, त्याची कसोटी ४८ तासांची. मधमाशीचा आकडा तर दर माशीमागे मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात मोजतात. गांडुळाची कसोटी १९८४ साली आंतरराष्ट्रीय नियमांत आली. वाळू, चिकणमाती आणि कुजलेलं शेवाळ यांची ठरावीक माती करून त्यात चौदा दिवस गांडुळं ठेवतात. गांडुळाची जात कोणती म्हणाल, तर आयसेनिया फेटिडा. आपल्या गांडूळखताच्या वाफ्यात बऱ्याच ठिकाणी असते, तीच.

या कसोट्यांतून काय कळलं? सायपरमेथ्रिनसारखी औषधं माणसाच्या मानाने बरीच सौम्य, पण माशांना अत्यंत घातक. इमिडाक्लोप्रिड किडींवर चांगलं चालतं, पण मधमाशीला त्याचा कणभर अंशही पुरतो. तेव्हा पंप ओढ्यात धुणारा माणूस डब्यावरचा रंग पाहून निश्चिंत राहिला, तर ओढ्यातल्या माशांना त्या रंगाचा काही उपयोग नाही.

सर्वांत मोठा धडा गिधाडांनी दिला. १९९० नंतर आपल्या देशातली गिधाडं झपाट्याने नाहीशी झाली. कारण कळेना. २००४ साली पाकिस्तानात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की, जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. मग मात्रा मोजली, तर गिधाडाची अर्धमारक मात्रा किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास निघाली. म्हणजे पाच किलोच्या गिधाडाला एक मिलिग्रॅमसुद्धा भारी. जे औषध आपल्या बैलाला आराम देत होतं, ते गिधाडाला पॅराथिऑनहून जहाल होतं. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना बाधत नाही, हेही तपासून सिद्ध झालं. म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना मेलॉक्सिकॅमच मागा. माणसांच्या औषधातलं डायक्लोफेनॅक आणून बैलाला टोचू नका.

सावकाश मारणारं विष

अर्धमारक मात्रेत आणखी एक उणीव आहे. ती एका वेळच्या मात्रेचा हिशेब सांगते, रोज थोडं थोडं गेलं तर काय, हे सांगत नाही. डी.डी.टी.चा कीटकनाशकी गुण पॉल म्युलर याने १९३९ साली शोधला, त्याला १९४८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. पॅराथिऑनच्या मानाने डी.डी.टी. लगेच मारणारं नव्हतं, म्हणून ते निर्धोक वाटलं. पण ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं, चरबीत साठतं. किड्यातून पक्ष्यात, लहान माशातून मोठ्या माशात, असं वाढत जातं. शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची टरफलं पातळ होऊन घरट्यातच फुटू लागली. रेचल कार्सन या अमेरिकन लेखिकेने १९६२ साली यावर पुस्तक लिहून जगाला जागं केलं. अमेरिकेने १९७२ साली डी.डी.टी. बंद केलं, आपल्याकडे शेतीतला वापर १९८९ साली बंद झाला.

म्हणून आता महिनोन्‌महिने, दोन-दोन वर्षं चालणाऱ्या चाचण्या करतात. ज्या रोजच्या मात्रेने प्राण्याला काहीच अपाय दिसत नाही, ती शोधतात आणि तिला शंभराने भागतात. प्राणी आणि माणूस यांतल्या फरकासाठी दहा, माणसामाणसांतल्या फरकासाठी दहा. म्हातारी, गरोदर बाई, तान्हं मूल, सगळी त्यात यावीत म्हणून. हा शंभराचा हिशेब १९५४ पासून चालत आला आहे. मालातल्या अवशेषाची मर्यादा आणि फवारणी व काढणी यांतलं अंतर ठरवताना याच चाचण्यांचा आधार घेतात. आपल्या द्राक्ष बागायतदारांना २०१० साल आठवत असेल. क्लोरमेक्वाट, म्हणजे आपलं सीसीसी, याचे अवशेष मर्यादेहून जास्त निघाले आणि युरोपात गेलेली द्राक्षं अडकली.

जाता जाता हेही सांगतो की, शेकडो प्राणी मारून आकडा काढण्याची जुनी पद्धत २००२ साली आंतरराष्ट्रीय नियमावलीतून काढून टाकली. आता मोजक्या प्राण्यांवर भागवतात.

यवतमाळचं दुःख

हे सगळं आज का सांगितलं? २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्या साली कपाशी डोक्याच्या वर गेली होती. फवारा अंगावर, तोंडावर पडत होता. हवा दमट, अंगात साधा सदरा, आणि पंपात दोन-तीन औषधं एकत्र.

आता ही गोष्ट आठवून पाहा. डब्यावरचा आकडा एका औषधाचा असतो. तुम्ही तीन औषधं पंपात एकत्र केलीत, तर त्या मिश्रणाचा आकडा जगात कोणत्याही डब्यावर छापलेला नाही. तो तुम्ही स्वतःच्या अंगावर काढत असता.

माझ्या ओळखीतल्या एका गावात फवारणी करणारा तरुण मुलगा शेतात कोसळला. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "औषध कोणतं?" कोणाला सांगता येईना. डबा बांधावर पडला होता, तो आणायला माणूस सायकलने परत धाडावा लागला. मुलगा वाचला, पण तो एक तास त्याच्या आईने कसा काढला ते मी पाहिलं आहे. प्रत्येक विषाचा उतारा वेगळा असतो. डबा हातात असेल तर डॉक्टरांचा वेळ वाचतो.

तुम्हीही कसोटी घेऊ शकता

शेवटी एक घरगुती कसोटी. उसात किंवा मक्यात ॲट्राझिन तणनाशक मारलं असेल आणि पुढचं पीक करपेल अशी शंका असेल, तर अंदाजाने पेरू नका. शेतातल्या आठ-दहा जागांची वरच्या थराची माती एकत्र करा आणि चार कुंड्या भरा. तणनाशक कधीच न मारलेल्या तशाच मातीच्या आणखी चार कुंड्या भरा. प्रत्येकीत काकडीच्या किंवा मोहरीच्या दहा बिया लावा, उन्हात ठेवा, सारखं पाणी द्या. नुसतं उगवलेलं पाहून समाधान मानू नका. ॲट्राझिनमध्ये रोप उगवतं आणि खरी पानं फुटल्यावर कडेने पिवळं पडून मरतं. म्हणून तीन आठवडे थांबा. स्वच्छ मातीतलीही दोन-चार मरतील, ती ॲबटच्या हिशेबाने वजा करा. फरक मोठा दिसला तर ते पीक या हंगामात त्या शेतात नको.

लक्षात ठेवा

१. डबा उघडण्याआधी त्रिकोणाचा रंग पाहा. आकडा लहान, विष मोठं.
२. शिफारस नसलेली औषधं पंपात एकत्र करू नका.
३. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे आणि तोंडावर मास्क वापरा. काख, जांघ आणि कपाळ इथून विष तळहातापेक्षा जास्त शोषलं जातं.
४. पंप आणि डबा ओढ्यात किंवा विहिरीजवळ धुऊ नका. पीक फुलोऱ्यात असताना, मधमाशा फिरत असताना फवारू नका.
५. विषबाधा झाली तर भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि माणसाबरोबर डबाही दवाखान्यात न्या.

आपण सगळेच त्याला 'औषध' म्हणतो. पिकाला ते औषध असेलही. पण डब्याच्या चौकोनावर जो रंग आहे, तो विषाचा आहे. तो रंग मिळायला केरळातल्या शंभराहून अधिक माणसांचा जीव गेला आहे. पुढच्या वेळी डबा हातात घ्याल तेव्हा तो एकदा नीट पाहा, आणि फवारणारा मजूर असेल तर त्यालाही दाखवा.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी